दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की पोराची दातखिळी बसते

निंबोणी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

चिरंजीव सहा वर्षांचे. खाली डावीकडची मागची दाढ किडली आहे. दिवसा काही नाही, पण रात्री एक-दीडला उठून गाल धरून बसतो. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की दुखणं गायब. "आता नाही दुखत, खरंच नाही दुखत," असं रडत रडत सांगतो.

याला कारण आम्हीच. दिवाळीनंतर उजवीकडच्या दाढेत सिमेंट भरायला एका ठिकाणी नेलं होतं. घरून निघताना मी त्याला सांगितलं, डॉक्टरकाका नुसतं बघणार आहेत. तिथे बघता बघता सुई निघाली. एकीने हात धरले, एकाने डोकं, मला बाहेर थांबायला सांगितलं. मी बाहेर कानात बोटं घालून उभी. तरी ऐकू आलंच, "आई, तू खोटं बोललीस."

तेव्हापासून त्या गल्लीतून रिक्षा गेली तरी तोंडावर हात. कटिंगच्या दुकानातली खुर्ची वरखाली होते म्हणून तिथेही बसत नाही, गेले चार महिने केस मीच कापतेय (आणि तसे दिसतायत).

साबा (सासूबाई) म्हणतात दुधाचाच दात आहे, पडेल आपोआप, कशाला पोराला छळता. नवरा म्हणतो धरून नेऊ, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? आम्ही नाशिकला आहोत.

खारीक

माझं वय ४३. मार्ग सापडला तर मलाही कळवा. वाचनखूण साठवली आहे.

अण्णा_वाईकर

अहो ताई, आमच्या वेळी दाताला दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि थोरला भाऊ बाहेरून दार ओढायचा. ना फी ना अपॉइंटमेंट. तुम्ही हल्लीचे आईबाप पोरांना फार विचारता. यजमान म्हणतात तेच बरोबर. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

चिंचगुळ

@अण्णा, दोरा हलणाऱ्या दाताला बांधतात हो, किडलेल्या दाढेला बांधला तर दार निघून हातात येईल.

निंबोणी, माझी लेक साडेचार वर्षांची असताना अशीच होती. आम्ही घरीच दवाखाना मांडला. सोफ्यावर उशा रचून खुर्ची, टेबललॅम्प वर वाकवलेला, चमचा म्हणजे आरसा. आधी ती डॉक्टर, मी पेशंट. माझे दात मोजताना तिने चमचा असा काही घशात घातला की मला खरोखर उलटी यायची वेळ आली. "रडायचं नाही, मोठी मुलगी ना तू?" असं मला दटावलं वर. तेव्हा कळलं की आपण तिला काय काय बोलत असतो ते. आठ-दहा दिवसांनी ती पेशंट व्हायला तयार झाली. पुढे खऱ्या खुर्चीत बसल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "तुमचा चमचा कुठेय?"

दाढवैद्य

मी मुलांचीच दंतवैद्य आहे, चौदा वर्षं झाली. हा धागा बघून राहवलं नाही.

निंबोणी, आधी एक काम करा. ती दाढ कितवी आहे ते मोजा. समोर दोन पटाशीच्या दातांच्या मधोमध जी फट असते तिथून सुरू करून मागे जा. दुधाचे दात एका बाजूला वर पाच, खाली पाच, असे एकूण वीस. सहावा मोजला गेला तर तो दुधाचा नाही! सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, ती गुपचूप मागून उगवते, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. "दुधाचीच आहे, पडेल" म्हणत म्हणत कायमची दाढ किडून गेलेली मुलं मी दर आठवड्याला बघते.

आणि पाचवी असली तरी साबांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. पडेल हो, पण साधारण दहा ते बारा वर्षांची वेळ आहे तिची. म्हणजे अजून चार-सहा वर्षं तिने चावायचंय. ती आधीच काढून टाकावी लागली तर मागची सहावी पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. मग जागा राखायला तारेची पट्टी बसवावी लागते, पुढे दात वेडेवाकडे आले की परत खर्च.

आता भीतीबद्दल. धरून नेऊ नका. तुमचा मुलगा सुईला कमी घाबरलाय आणि फसवलं गेल्याला जास्त. आमच्याकडे जी पद्धत शिकवतात ती साधी आहे: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. १९५९ पासून याच नावाने पुस्तकात आहे. वाऱ्याची नळी आधी त्याच्या तळहातावर, पाण्याचा फवारा ग्लासात, फिरणारा ब्रश त्याच्या नखावर. मग तोंडात. दुसरं म्हणजे खूण ठरवायची. डावा हात वर केला की मी थांबणार. आणि थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, "झालंच आता" म्हणत पुढे रेटायचं नाही. एकदा रेटलं की ती खूण कायमची मेली.

घरी काय बोलू नये ते सांगते. "अजिबात दुखणार नाही" म्हणू नका, पोराला त्यातलं "दुखणार" तेवढंच ऐकू येतं. "दंगा केलास तर डॉक्टर सुई देतील" हे तर घरातल्या सगळ्यांनीच बंद करा, आजीसकट. काय होणार हे माहीत नसेल तर सरळ म्हणा, "मला माहीत नाही, आपण त्यांनाच विचारू."

वेळ सकाळची घ्या, नाश्ता झाल्यावर. शाळेतून थकून आल्यावर नको.

गाल सुजला किंवा ताप आला तर मात्र भीती वगैरे बाजूला, त्याच दिवशी जा. तोवर दुखलं तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल. लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

निंबोणी

@दाढवैद्य, किती आभार मानू. आज रात्री मोजते.

खारीक

अवांतर: "दात काढणे" हा वाक्प्रचार ज्याने हसण्यासाठी वापरला तो माणूस दंतवैद्याकडे कधी गेलेला नसणार.

अण्णा_वाईकर

किंवा दंतवैद्यच असणार.

पळसपान

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी लेकाला छान गोष्ट करून सांगितली की दातात किडे राहतात, आपण त्यांना पिचकारीने हाकलू. तिथे काम उत्तम झालं. घरी आल्यावर पठ्ठ्या रात्री झोपेना. तोंडात किडे आहेत ते घशात गेले तर? कानातून बाहेर आले तर? तीन रात्री आमच्या दोघांच्या मध्ये झोपला, तोंडावर रुमाल बांधून. तेव्हा त्या गोष्टी जरा बेतानेच.

अण्णा_वाईकर

पण दातात किडे असतातच की. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी एक बाई यायची. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकून नळीने दाढेला धुरी द्यायची आणि खाली पाण्याच्या वाटीत किडे पडायचे. मी स्वतः पाहिलेत. पांढरे, बारीक.

दाढवैद्य

अण्णा, वाटीत जे काही पडलं ते तोंडातून आलेलं नाही एवढं मी लिहून देते. आपण "कीड लागली" म्हणतो त्यात कीडबीड काही नसते. तोंडातले जिवाणू साखर खातात, आम्ल करतात, आम्लाने दात विरघळतो. बस.

@पळसपान, मुद्दा मान्य. मी पूर्वी "किडे" म्हणायचे, आता "दातावर चिकटलेला गोड चिखल" म्हणते. मुलं घरी जाऊन आज्ज्यांच्या तोंडातला चिखल शोधतात.

चिंचगुळ

"मुंगी चावल्यासारखं वाटेल" हेही जपून वापरा. आमच्या लेकीला मुंग्यांचीच भीती.

थेम्सकाठची

आम्ही इंग्लंडमध्ये. इथे अठरा वर्षांखालच्या मुलांना सरकारी योजनेत दातांचे उपचार फुकट आहेत. ऐकायला छान. नवीन पेशंट घेणारा दंतवैद्य सापडेपर्यंत मूल अठराचं होतं ही गोष्ट वेगळी.

पण एक गोष्ट सांगण्यासारखी. लेकीची दुधाची दाढ किडली होती, ती सुईचं नाव काढू देत नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी ना सुई दिली ना ड्रिल लावलं. आधी दाढेच्या दोन्ही बाजूंच्या फटीत छोटी रबरी कडी बसवली, थोडी जागा व्हावी म्हणून. काही दिवसांनी ती काढून स्टीलची टोपी सिमेंट भरून दाढेवर दाबून बसवली, कीड आत तशीच. वर घट्ट झाकण पडलं की आतल्या जिवाणूंना खायला मिळत नाही आणि कीड पुढे सरकत नाही, असं समजावलं. हॉल नावाच्या एका स्कॉटिश दंतवैद्य बाईंनी ही पद्धत वापरात आणली, म्हणून हॉल टेक्निक. माझा आधी विश्वासच बसला नाही, भारतात फोन करून मैत्रिणीला विचारलं. लेक मात्र "चांदीचा दात" शाळेत सगळ्यांना दाखवत फिरली, आणि आता तिच्या मैत्रिणीला पण हवाय.

दाढवैद्य

भारतातही करतात. पण कीड दाताच्या आतल्या नसेला पोचलेली नसेल तरच. निंबोणींच्या मुलाला रात्री आपोआप ठणका लागतो, म्हणजे बहुतेक आत पोचली आहे. तिथे नुसतं झाकण चालणार नाही, नसेचं काम करून मग टोपी. एक्स-रे बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही.

निंबोणी

मोजलं! रात्री तो झोपल्यावर मोबाईलच्या टॉर्चवर मोजायला गेले तर जागा झाला. आता काय सांगावं? तुमचं वाक्य आठवलं आणि खरं सांगितलं: "तुझी दुखरी दाढ कितवी ते मोजतेय." म्हणाला, "मी मोजतो." बेसिनसमोर स्टुलावर चढून, रात्री पावणेबाराला, बोट घालून मोजली. पाचवी काळी आहे. आणि तिच्या मागे हिरडीतून पांढरं टोक डोकावतंय, ती सहावी! साबांनाही दाखवली. त्या चष्मा लावून दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हिचा दात कधी पडला?" पडलाच नाही, हेच तर.

चिरंजीव आता येईल त्याचे दात मोजतात. दूधवाल्याचेही मोजून झाले.

कोरडवाहू

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, नऊ वर्षांचा. आमच्याकडे भीती दुखण्याची नसते, आवाजाची आणि उजेडाची असते. दिवा डोळ्यावर आला की संपलं. आम्ही गॉगल आणि कानावर हेडफोन घालून नेतो. दवाखान्याचे फोटो आधी मागवून घेतले: दार, खुर्ची, दिवा, डॉक्टर मास्कमध्ये, डॉक्टर मास्कशिवाय. चार वेळा नुसते गेलो आणि आलो. पहिल्या वेळी फक्त दारापर्यंत. लोकांना वाटतं हे अति आहे. पाचव्या वेळी त्याने स्वतःहून आ केला. डॉक्टरांनी चारही वेळांचे पैसे घेतले नाहीत हे मुद्दाम लिहितेय, कारण वाईट अनुभव सगळे लिहितात.

पळसपान

_/\_

अण्णा_वाईकर

कोरडवाहू, तुमच्या चिकाटीला दंडवत. माझं वरचं दोऱ्याचं बोलणं गमतीत होतं.

बाबा_बॅचलर

ते हसवणाऱ्या गॅसचं काय? मित्राच्या मुलीला दिला होता म्हणे. मुलांना सुरक्षित असतो का?

दाढवैद्य

नायट्रस ऑक्साइड. नाकावर छोटा मास्क, ऑक्सिजनबरोबर मिसळून देतात. मूल जागं असतं, बोलतं, फक्त सैल पडतं, आणि बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत उतरतो. प्रशिक्षित माणूस आणि नीट यंत्रणा असेल तर सुरक्षित आहे. अडचण एकच, नाकाने श्वास घेता यायला हवा. सर्दी झालेलं किंवा मास्क लावूच न देणारं मूल असेल तर उपयोग नाही. पूर्ण भूल ही त्यापुढची पायरी, अगदी लहान मूल, खूप दात किडलेले, किंवा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, आणि तीही भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच.

गंमत म्हणजे हा गॅस दातासाठी पहिल्यांदा वापरला तो एका दंतवैद्यानेच, आणि स्वतःवर. अमेरिकेतल्या होरेस वेल्सने १८४४ साली गॅस हुंगून आपलाच दात काढून घेतला. पुढच्याच वर्षी बॉस्टनला सगळ्यांसमोर प्रयोग करून दाखवायला गेला तर पेशंट ओरडला आणि बिचाऱ्याची हुर्यो उडाली.

खारीक

म्हणजे डॉक्टरही आधी स्वतःचं तोंड पुढे करत होते. ते दिवस गेले.

सातबारा

खर्चाचं कोणी बोलत नाहीये. खाजगीत मुलांच्या दातांचं नसेचं काम आणि टोपी म्हणजे आमच्यासारख्याला विचार करायला लावणारी रक्कम. मी मुलाला मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात नेलं होतं. मुलांचा विभाग वेगळा आहे. शिकणारे डॉक्टर असतात, वेळ लागतो, सकाळी लवकर जावं लागतं, पण माझ्या मुलाचं काम करणारी मुलगी पंचविशीची असेल, तिच्याइतकं कोणी त्याच्याशी बोललं नाही. घाई नव्हती तिला. नागपूर, छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत.

चिंचगुळ

+१. शिवाय साध्या दंतवैद्याकडे जाण्यापेक्षा शक्य असेल तर मुलांच्याच दंतवैद्याकडे जा. बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त मुलांचं शिकलेले असतात.

बाबा_बॅचलर

आमच्या लहानपणी दवाखान्यातून निघताना डॉक्टर चॉकलेट द्यायचे. दाताचे डॉक्टर! आता कळतं, धंदा कसा चालवायचा ते.

पळसपान

अवांतर: पडलेले दात तुम्ही काय करता? आम्ही कौलांवर टाकायचो, "उंदरा उंदरा, माझा दात घे, तुझा दात दे." आता चौदाव्या मजल्यावर राहतो. लेकाने बाल्कनीतून टाकला, तो खालच्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांत पडला.

अण्णा_वाईकर

तळून खाल्ला असेल.

थेम्सकाठची

इथे उशीखाली ठेवतात, परी येऊन नाणं ठेवून जाते. लेकीने विचारलं, आजीच्या घरी उंदीर पैसे का देत नाही?

निंबोणी

मंडळी, वृत्तांत द्यायला आले. उशीर झाला, क्षमस्व.

आधी मी त्याची माफी मागितली. हे लिहायला सोपं आहे. "मी तेव्हा खोटं बोलले, मला वाटलं खरं सांगितलं तर तू येणार नाहीस." तो म्हणाला, "नसतोच आलो." बरं, मग?

दुसऱ्या डॉक्टर शोधल्या, मुलांच्या. फोनवरच सगळं सांगितलं, धरलं होतं तेही. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवशी मी काही करणार नाही, आणि तसं त्याला सांगा. पहिल्या दिवशी त्याने खुर्ची स्वतः बटण दाबून वरखाली केली, अकरा वेळा. डॉक्टरांचे दात मोजले. त्यांची एक अक्कलदाढ काढलेली आहे हे त्याने शोधून काढलं. मग त्यांनी याचे मोजले, एक एक्स-रे काढला, आणि टाटा.

दुसऱ्या वेळी खरं काम. सकाळी साडेनऊला. रिक्षात त्याने विचारलं, "सुई आहे का?" माझ्या तोंडात "नाही" येऊन थांबलं. म्हटलं, "आहे. आधी हिरडीला जेल लावतील, मग टोचेल थोडं, मग गाल जाड होईल." घर ते दवाखाना काही बोलला नाही. माझा हात मात्र सोडला नाही, आणि हाताला घाम होता, त्याचा की माझा देव जाणे.

खुर्चीत बसल्यावर डावा हात वर करायची खूण ठरली. पहिल्या मिनिटात त्याने चार वेळा हात वर केला. काही दुखत नव्हतं, तपासत होता. त्या चारही वेळा थांबल्या, हात मांडीवर ठेवून. पाचव्यांदा हात वर गेला तो एकदम सुईच्या वेळी. तेव्हाही थांबल्या. मी कोपऱ्यात स्टुलावर, तोंड बंद ठेवायचं असं मला बजावलेलं. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या, पण ओरडला नाही. नंतर गाल चाचपून म्हणाला, "आई, माझा ओठ कुठे गेला?"

नसेचं काम झालं, टोपी पुढच्या आठवड्यात.

दाढवैद्य

वा! एकच राहिलं: बधिरपणा उतरेपर्यंत, दोन-तीन तास, ओठ चावू देऊ नका. मुलांना गंमत वाटते.

निंबोणी

ते डॉक्टरांनीही सांगितलं होतं. तरी घरी येईपर्यंत त्याने चावलाच. संध्याकाळी ओठ टोमॅटोसारखा. साबा म्हणाल्या, "बघा, सांगत होते ना!" आता दोन दिवसांत उतरलाय.

आणि दात घासणं आता मीच करतेय रात्रीचं, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत मोठ्यांनीच घासायचे असं डॉक्टर म्हणाल्या. इतके दिवस "स्वतःचं स्वतः करतो" म्हणून मी कौतुक सांगत होते.

खारीक

तुमच्या डॉक्टर ४३ वर्षांची मुलं घेतात का? हात वर केला की थांबणार असतील तर येतो.

निंबोणी

विचारलं. म्हणाल्या, खुर्ची लहान आहे, पण बघू.

बाबा_बॅचलर

अक्कलदाढेबद्दल इथेच विचारू का? उजवीकडची वरची आडवी आलीय.

पळसपान

नवा धागा काढा हो. आणि आधी मोजा, कितवी आहे ती.